लहान उद्योगांची पेटंटे: आकडा कशाने भागला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लघु आणि मध्यम उद्योगांचा पेटंटांमध्ये वाटा किती, या प्रश्नाचे उत्तर अर्थविषयक पानांवर बहुधा एका टक्केवारीत दिले जाते. कधी त्या टक्केवारीवर ‘लहान उद्योग संशोधनात मागे’ असा मथळा येतो, तर कधी ‘नव्या कल्पना लहान उद्योगांतूनच येतात’ असा. या दोन्ही बातम्या एकाच तक्त्यावरून, कसलीही लबाडी न करता, लिहिता येतात. पेटंट नोंदींची आकडेवारी जुळवण्याचे काम मी बरीच वर्षे केले असल्याने असा मथळा वाचला, की हा आकडा कशाने भागला असेल, ही शंका मला आधी येते. ती शंका जरा विस्ताराने मांडावी, म्हणून हे पत्र.

आधी एक सोपे गणित. समजा, एखाद्या क्षेत्रात एक मोठी कंपनी आणि एक हजार लहान उद्योग आहेत. मोठ्या कंपनीत दहा हजार माणसे काम करतात आणि तिला वर्षाला १०० पेटंटे मिळतात. लहान उद्योगांत प्रत्येकी वीस माणसे आहेत आणि हजारांतल्या फक्त दहा उद्योगांना त्या वर्षी प्रत्येकी एक पेटंट मिळाले. एकूण ११० पेटंटांपैकी लहानांची दहा, म्हणजे वाटा सुमारे ९ टक्के. आता दर शंभर कर्मचाऱ्यांमागे हिशेब करू. मोठ्या कंपनीचे प्रमाण एक. पेटंट मिळालेल्या दहा लहान उद्योगांत मिळून दोनशे माणसे आणि दहा पेटंटे, म्हणजे प्रमाण पाच. लहान उद्योग पाचपट पुढे! पण ज्यांना काहीच मिळाले नाही त्या ९९० उद्योगांनाही भाजकात घेतले, तर माणसे वीस हजार होतात आणि प्रमाण ०.०५ वर येते. लहान उद्योग वीसपट मागे! अंश तोच राहिला, भाजक तेवढा बदलला आणि निष्कर्ष उलटा झाला.

हे केवळ कागदावरचे कोडे नाही. अमेरिकेच्या लघुउद्योग प्रशासनासाठी २००३ साली झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष आजही जगभर उद्धृत होतो: पेटंट घेणाऱ्या लहान कंपन्या पेटंट घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या तुलनेत दर कर्मचाऱ्यामागे १३ ते १४ पट पेटंटे मिळवतात. वाक्य नीट वाचले तर त्यात ‘पेटंट घेणाऱ्या’ हे शब्द दोनदा आलेले दिसतील. तो अभ्यास पाच वर्षांत पंधरा किंवा अधिक पेटंटे मिळवणाऱ्या कंपन्यांपुरता होता आणि अभ्यासकांनी तसे स्पष्ट म्हटलेही होते. वीस-पंचवीस माणसांच्या उद्योगाने पाच वर्षांत पंधरा पेटंटे मिळवणे ही मुळातच विरळ गोष्ट. अशा निवडक कंपन्यांचे प्रमाण प्रचंड येणार, यात नवल नाही. पुढे भाषणांतून आणि लेखांतून ‘पेटंट घेणाऱ्या’ हे दोन शब्द गळाले आणि ‘लहान कंपन्या चौदापट कल्पक असतात’ एवढेच उरले. मूळ आकडा चुकीचा नव्हता, पण तो वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर होता.

भाजकाचा प्रश्न सुटला तरी ‘लहान’ कोणाला म्हणायचे, हा प्रश्न राहतोच. युरोपीय संघाच्या २००३च्या व्याख्येनुसार २५० पेक्षा कमी कर्मचारी आणि पाच कोटी युरोपर्यंत उलाढाल किंवा ४.३ कोटी युरोपर्यंतचा ताळेबंद असलेला उद्योग लघु-मध्यम ठरतो. जपानमध्ये उत्पादन क्षेत्रासाठी ३०० कर्मचारी किंवा ३० कोटी येन भांडवल ही मर्यादा आहे. अमेरिकेत पेटंट शुल्काच्या सवलतीसाठी संलग्न कंपन्या धरून ५०० कर्मचाऱ्यांपर्यंतची कंपनी लहान मानली जाते. भारतात कर्मचारी मोजलेच जात नाहीत. यंत्रसामग्रीतील गुंतवणूक आणि उलाढाल पाहिली जाते, आणि त्या मर्यादाही १ जुलै २०२० आणि १ एप्रिल २०२५ अशा दोनदा वाढल्या. मध्यम उद्योगाची उलाढालीची मर्यादा २५० कोटींवरून ५०० कोटी रुपयांवर गेली, तेव्हा काही कंपन्या ३१ मार्चच्या रात्री मोठ्या म्हणून झोपल्या आणि सकाळी मध्यम म्हणून उठल्या. त्यांच्या प्रयोगशाळेत त्या रात्री काही घडले नव्हते, पण पेटंटांची वर्षवार मालिका कोणी त्या व्याख्येवर बेतली असेल, तर आलेखात तिथे चढ दिसेल आणि त्याचे श्रेय बहुधा कुठल्यातरी योजनेला दिले जाईल. देशादेशांची तुलना करणाऱ्या तक्त्यांत तर हे सगळे ‘लघु-मध्यम’ एकाच स्तंभात शेजारी शेजारी बसवलेले असतात.

अमेरिकेचा ‘लहान घटक’ हा शुल्क-सवलतीचा दर्जा अभ्यासकांना फार मोहात पाडतो, कारण तो प्रत्येक अर्जाच्या नोंदीत तयार मिळतो. मात्र तो दर्जा ना-नफा संस्थांना आणि विद्यापीठांनाही मिळतो. हजारो कर्मचारी आणि अब्जावधी डॉलरचा निधी असलेले विद्यापीठ तिथे ‘लहान’ असते! उलट, खरोखर बारा माणसांच्या कंपनीने आपल्या शोधाचा परवाना एखाद्या मोठ्या कंपनीला दिला, तर पुढचे शुल्क भरताना तिला त्या पेटंटासाठी लहान म्हणवून घेता येत नाही. शुल्क ठरवण्याच्या दृष्टीने हा नियम योग्यच आहे. परवान्याचे पैसे देणारा मोठा ग्राहक मिळाल्यावर सवलत कशाला? पण मोजमापासाठी तो दर्जा वापरला, की सर्वांत यशस्वी लहान उद्योगांची पेटंटे नेमकी मोठ्यांच्या खात्यात जातात.

युरोपीय पेटंट कार्यालय दरवर्षी युरोपातून आलेल्या अर्जांचे अर्जदारांनुसार वर्गीकरण प्रसिद्ध करते. अलीकडच्या वर्षांत त्यात लहान अर्जदारांचा वाटा एक-पंचमांशाहून थोडा अधिक दिसतो. त्या गटाचे नाव मात्र ‘वैयक्तिक संशोधक आणि लघु-मध्यम उद्योग’ असे आहे. म्हणजे घरात बसून एकट्याने अर्ज करणारा माणूस आणि दोनशे कामगारांचा कारखाना एकाच रकान्यात. याला कार्यालयाचा आळस म्हणता येणार नाही. दोघांना वेगळे करणे खरोखरच अवघड असते, कारण छोट्या कारखान्याचा मालक पुष्कळदा स्वतःच्याच नावाने अर्ज करतो. शोध कारखान्यात लागतो, खर्च कारखान्याच्या खात्यातून होतो आणि पेटंट मालकाच्या किंवा त्याच्या भावाच्या नावावर निघते. नोंदीत कारखान्याचा मागमूस नसतो. फार तर पत्ता तोच असतो, आणि पत्ते जुळवत बसण्याइतका वेळ कोणाकडे असतो?

नावांचा विषय निघालाच आहे तर थोडे सविस्तर सांगतो, कारण आमच्या कामाचे बहुतेक तास यातच जातात. पेटंटांचे जागतिक माहितीसंग्रह, उदाहरणार्थ युरोपीय कार्यालयाचा ‘पॅटस्टॅट’, अर्जदाराचे नाव, देश, अर्जाची तारीख, तंत्रज्ञानाचा वर्ग असे सगळे देतात. देत नाहीत ती अर्जदाराकडची कर्मचारीसंख्या आणि उलाढाल. ती हवी असेल तर कंपन्यांच्या वेगळ्या माहितीसंग्रहाशी नावावरून जोडणी करावी लागते. आता एकच जर्मन कंपनी घ्या. तिच्या नावातल्या स्वरावर दोन टिंबे असतील तर एका अर्जात ती टिंबे असतात, दुसऱ्यात त्यांच्याऐवजी एक जादा अक्षर असते आणि तिसऱ्यात दोन्ही गायब असतात. शेवटचे ‘जीएमबीएच’ (म्हणजे जर्मनीतले ‘मर्यादित कंपनी’) कधी संक्षेपात, कधी लांबलचक पूर्ण रूपात, कधी मधे टिंबे देऊन, तर कधी वगळून. जपानी आणि चिनी कंपन्यांच्या नावांचे रोमन लिप्यंतर प्रत्येक एजंट आपल्या पद्धतीने करतो. संगणकाच्या लेखी ही सगळी निरनिराळी माणसे. बेल्जियममधल्या ल्युवेन विद्यापीठातील संशोधकांनी युरोस्टॅट या युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयासाठी नावे एकसारखी करण्याची आणि अर्जदारांना व्यक्ती, कंपनी, विद्यापीठ अशा गटांत टाकण्याची पद्धत तयार केली आहे, आणि तिच्यामुळे काम पुष्कळ हलके झाले आहे. पण सफाईचा फायदा सगळ्यांना सारखा होत नाही. ज्यांच्या नावावर हजारो अर्ज आहेत त्या शंभर-दोनशे कंपन्यांची नावे माणसे बसून तपासतात, कारण तिथे चूक राहिली तर लगेच डोळ्यांवर येते. ज्यांच्या नावावर जेमतेम दोन अर्ज आहेत अशा लाखभर अर्जदारांची लांबलचक शेपटी जवळपास जशीच्या तशी राहते. मग एका लहान उद्योगाची दोन पेटंटे दोन वेगवेगळ्या उद्योगांच्या नावावर पडतात. परिणामी, पेटंट घेणाऱ्या लहान उद्योगांची संख्या खऱ्यापेक्षा जास्त दिसते आणि दर उद्योगामागची पेटंटे कमी. जी नावे कंपन्यांच्या यादीत सापडतच नाहीत त्यांचे काय करायचे, हा निर्णय ज्याचा तो घेतो. कोणी ती सोडून देतो, कोणी व्यक्ती समजतो, तर कोणी ‘मोठी कंपनी असती तर सापडली असती’ या तर्काने त्यांना लहानांत टाकतो. एका लहानशा प्रकल्पात मी हे तिन्ही पर्याय करून पाहिले होते. लहान उद्योगांचा वाटा इतका खाली-वर झाला, की अहवालात कोणता आकडा द्यायचा यावर आमच्यात दोन दिवस वाद झाला. अखेर तिन्ही आकडे दिले. बातमीत त्यातला सर्वांत मोठा छापून आला.

अमेरिकेच्या जुन्या नोंदींत आणखी एक अडचण आहे. १६ सप्टेंबर २०१२ पूर्वी तिथे अर्जदार म्हणून संशोधकाचेच नाव द्यावे लागे. हक्क कंपनीकडे गेले आहेत हे हस्तांतरणाच्या दस्तऐवजावरून कळे. मोठ्या कंपन्यांचे कायदा विभाग हे दस्तऐवज वेळेवर नोंदवत, लहानांकडून ते राहून जात. शिवाय परदेशात अर्ज करायचा नसेल, तर अर्ज नेहमीप्रमाणे अठरा महिन्यांनी प्रसिद्ध करू नये अशी विनंती तिथे करता येते. असा अर्ज नाकारला गेला किंवा मधेच सोडून दिला, तर तो सार्वजनिक आकडेवारीत कधी येतच नाही. फक्त मायदेशात अर्ज करणाऱ्या छोट्या संशोधकाला ही सोय जवळची वाटणार, हे उघड आहे.

यापुढची अडचण मला सर्वांत महत्त्वाची वाटते. उद्योगाचा आकार मोजायचा तो कोणत्या दिवशीचा? पेटंट ही वीस वर्षांची गोष्ट आहे. अर्जाच्या दिवशी चाळीस माणसांची असलेली कंपनी पेटंट मंजूर होईतो शंभरांची होते, दहाव्या वर्षी हजाराची होते किंवा एखाद्या बलाढ्य कंपनीत विलीन होते. व्यावसायिक माहितीसंग्रह बहुधा आजची कर्मचारीसंख्या दाखवतात, आणि बुडालेल्या कंपन्या त्यांतून हळूहळू गळतात. आजच्या आकाराने दहा वर्षांपूर्वीची पेटंटे वाटली, तर ज्या लहान उद्योगाला त्याच्या पेटंटामुळेच भरभराट आली तो मोठ्यांत मोजला जातो, जो बुडाला तो मोजलाच जात नाही, आणि जो जागच्या जागी राहिला तेवढाच ‘लहान उद्योग’ म्हणून आपल्यासमोर येतो. त्यांची पेटंटे सामान्य दर्जाची आहेत, असे कोणी त्यावर म्हटले तर त्याला उत्तर देणे कठीण होते. शिवाय मालकीचा धागाही आहेच. युरोपीय व्याख्येत दुसऱ्या कंपनीचा २५ टक्के किंवा अधिक हिस्सा असेल, तर तिचे कर्मचारी आणि उलाढालही हिशेबात धरावी लागते. बारा माणसांची, पण संपूर्णपणे एका महाकाय समूहाच्या मालकीची संशोधन कंपनी या व्याख्येने लहान नाही. हे धागे शोधायचे कष्ट अनेक अभ्यास घेत नाहीत. नोंदीत बारा कर्मचारी दिसले की ते तिला लहान मानून मोकळे होतात.

झेरॉक्स पद्धतीचा शोध लावणाऱ्या चेस्टर कार्लसन या माणसाचे उदाहरण या संदर्भात मला नेहमी आठवते. तो न्यूयॉर्कमध्ये एका इलेक्ट्रिकल कंपनीच्या पेटंट विभागात नोकरीला होता आणि फावल्या वेळात स्वतःच्या खर्चाने प्रयोग करत असे. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी त्याने कोरड्या भुकटीने कागदावर पहिली प्रतिमा उमटवली. ‘इलेक्ट्रोफोटोग्राफी’चा अर्ज त्याने एप्रिल १९३९ मध्ये केला आणि ऑक्टोबर १९४२ मध्ये पेटंट मंजूर झाले. त्या काळच्या वीसेक मोठ्या कंपन्यांनी त्याला नकार दिला. १९४४ मध्ये ओहायोतील बॅटेल ही ना-नफा संशोधन संस्था पुढे आली, आणि तिच्याकडून हॅलॉइड या रॉचेस्टरमधल्या कंपनीने परवाना घेतला. हॅलॉइड फोटोचा कागद बनवत असे, आणि कोडॅक त्याच शहरात असल्यामुळे तिला आपले लहानपण विसरणे शक्यच नव्हते. १९५९ मध्ये तिचे ‘९१४’ हे कॉपी करणारे यंत्र बाजारात आले आणि १९६१ मध्ये कंपनीचे नाव झेरॉक्स झाले. ज्या वर्षी यंत्र आले त्याच वर्षी मूळ पेटंटाची तेव्हाची सतरा वर्षांची मुदत संपत होती. तोवर सुधारणांची कितीतरी पेटंटे कंपनीने जमवली होती. आता हे मूळ पेटंट कोणत्या रकान्यात घालायचे? अर्जदार पाहिला तर व्यक्ती. हक्क पाहिले तर ना-नफा संस्था. ते बाजारात आणण्याचा धोका कोणी पत्करला हे पाहिले, तर एक बेताची कंपनी. आजच्या यादीत नाव शोधले, तर बहुराष्ट्रीय समूह. माझ्या मते लहान उद्योगाचे योगदान इथे निर्विवाद आहे, पण पेटंटाच्या नोंदीत ते कुठेच नाही; ते परवान्याच्या करारात आहे, आणि परवान्यांची मोजदाद जवळपास कोणीच करत नाही.

याच्या उलट दिशेनेही योगदान निसटते. सुटे भाग पुरवणारा लहान कारखानदार ग्राहकाच्या आराखड्यात बदल सुचवतो, नमुना करून पाठवतो, तो चाचणीत टिकतो आणि पुढे त्या बदलाचे पेटंट ग्राहकाच्या नावाने निघते, कारण ‘या कामातून निघणारे सर्व हक्क खरेदीदाराचे’ असे एक कलम खरेदी आदेशाच्या मागच्या पानावर बारीक अक्षरांत असते. कधी कारखानदाराचे नाव संशोधक म्हणून येते, पण संशोधक कोणाच्या नोकरीत होता हे नोंदीत लिहिलेले नसते. दोन अर्जदार असतील तर त्या पेटंटाचा निम्मा वाटा प्रत्येकाला द्यायचा की दोघांनाही पूर्ण, यावरही लहान-मोठ्यांचे गुणोत्तर हलते. लहान उद्योग अनेकदा विद्यापीठाबरोबर किंवा मोठ्या ग्राहकाबरोबर संयुक्त अर्ज करतो, त्यामुळे हा मुद्दा किरकोळ नाही.

शिवाय अनेक लहान उद्योग पेटंटाच्या वाटेला जातच नाहीत, आणि ते अज्ञानापोटी असते असे समजणे मला पटत नाही. १९९४ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकेतील उत्पादन क्षेत्रातल्या प्रयोगशाळांची पाहणी केली, तेव्हा आपल्या शोधाचा फायदा राखण्यासाठी बहुतेकांनी गुप्तता आणि बाजारात आधी पोहोचणे या गोष्टींना पेटंटापेक्षा वरचे स्थान दिले होते. हक्क न्यायालयात बजावण्याचा खर्च ज्याला झेपणार नाही, त्याने आपली युक्ती अठरा महिन्यांत जगजाहीर का करावी? काही देशांत ‘उपयुक्तता प्रतिमान’ हा हलका पर्याय आहे. जर्मनीत तो १८९१ पासून चालू आहे. नावीन्याची तपासणी न करता त्याची नोंद होते, खर्च कमी आणि मुदत फार तर दहा वर्षे. छोट्या यांत्रिक सुधारणांना तो सोयीचा पडतो. अमेरिका, ब्रिटन आणि भारत येथे हा पर्यायच नाही. म्हणून फक्त पेटंटे मोजली की जर्मन लहान उद्योगांची काही कामे वगळली जातात, आणि प्रतिमानेही धरली की ज्या देशांत ती नाहीत तिथले उद्योग निष्क्रिय वाटतात. युरोप, जपान आणि अमेरिका या तिन्ही ठिकाणी संरक्षण मागितलेली ‘त्रिखंडी कुटुंबे’, म्हणजे एकाच शोधाच्या तिथल्या अर्जांचे गट, तेवढी मोजावीत, असा एक सभ्य तोडगा आहे. किरकोळ अर्ज त्यामुळे गाळले जातात हे खरे. पण तीन ठिकाणचे वकील, भाषांतरे आणि शुल्क ज्याला परवडत नाही तोही गाळला जातो.

पाहण्यांवर विसंबावे तर तिथेही एक उंबरा आहे. युरोपातली नवोपक्रम पाहणी दहा किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या उद्योगांपासून सुरू होते. सूक्ष्म उद्योग तिच्या कक्षेबाहेर राहतात, आणि संख्येने तेच सर्वांत जास्त असतात.

एवढ्या अडचणी सांगितल्यावर ‘मग मोजूच नये काय’ असा प्रश्न येईल. मोजावे, आणि नीट मोजता येते. युरोपीय पेटंट कार्यालय आणि युरोपीय संघाचे बौद्धिक संपदा कार्यालय यांनी २०२१ मध्ये १,२७,००० हून अधिक कंपन्यांच्या नोंदी जुळवून केलेला अभ्यास त्याचे चांगले उदाहरण आहे. त्यांनी भाजकात पेटंट नसलेल्या कंपन्याही घेतल्या. पेटंट, व्यापारचिन्ह किंवा डिझाइन यांपैकी निदान एक हक्क नोंदवलेले लघु-मध्यम उद्योग ९ टक्क्यांहून कमी आणि मोठ्या कंपन्या निम्म्याहून अधिक, असे त्यांना आढळले. त्याच अभ्यासात, असे हक्क असलेल्या लहान उद्योगांचे दर कर्मचाऱ्यामागचे उत्पन्न हक्क नसलेल्यांपेक्षा ६८ टक्के जास्त दिसले. हा दुसरा आकडा मात्र जपून वापरायला हवा. पेटंट घेतल्याने उत्पन्न वाढले, की आधीच चांगले चाललेल्या उद्योगालाच पेटंटाचा खर्च परवडला, हे या तुलनेतून ठरत नाही, आणि पेटंट सल्ला विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकांत नेमके पहिलेच उत्तर गृहीत धरलेले असते.

माझी सूचना पेटंट कार्यालयांना आहे आणि ती अगदी रुक्ष आहे. अर्जाच्या नमुन्यात दोन रकाने सक्तीचे करावेत: कंपनी नोंदणी क्रमांक आणि अर्जाच्या दिवशीचा कर्मचारीसंख्येचा गट, मालकी समूह धरून. नेमकी संख्या नको; दहाच्या आत, पन्नासच्या आत, अडीचशेच्या आत, पाचशेच्या आत आणि त्यापुढे, एवढे पुरे. नोंदणी क्रमांक असला की नावातली टिंबे शोधण्याचे काम संपते. आज आकाराची माहिती बहुधा सवलत मागणाऱ्याकडूनच घेतली जाते. युरोपीय कार्यालयानेही १ एप्रिल २०२४ पासून सूक्ष्म उद्योग, व्यक्ती, विद्यापीठे अशा अर्जदारांना ३० टक्के सवलत देताना स्वयंघोषणा मागायला सुरुवात केली. पण सवलत न मागणारा प्रत्येक जण मोठा नसतो. काहींना सवलत माहीत नसते, काही जण चुकीच्या घोषणेचे लचांड मागे लागेल या भीतीने पूर्ण शुल्क भरतात. म्हणून हा रकाना सवलतीपासून वेगळा असावा आणि सर्वांनाच भरावा लागावा. हक्क हस्तांतरित झाले किंवा परवाना दिला, की नव्या मालकाचा किंवा परवानाधारकाचा गट नोंदवावा, पण जुना खोडू नये.

आकडे प्रसिद्ध करताना पेटंटांतील वाटा, एकूण लहान उद्योगांपैकी किती उद्योगांनी पेटंट घेतले याचे प्रमाण, आणि ज्यांचा आकार कळला नाही त्यांचा वाटा, असे तिन्ही आकडे शेजारी द्यावेत. तिसरा आकडा छापायला कोणाला आवडत नाही, कारण तो अनेकदा लहान उद्योगांच्या वाट्याइतकाच मोठा निघतो. वृत्तपत्रांनी तो मागून घेतला, तर तो छापण्याची सवय अहवाल लिहिणाऱ्यांनाही लागेल.

असे रकाने १९३९ मध्ये असते, तर कार्लसनच्या अर्जावर ‘व्यक्ती’ असे लिहिले गेले असते. त्याखाली १९४४ च्या नोंदीत ‘ना-नफा संस्था’ आणि परवान्याच्या नोंदीत हॅलॉइडचा त्या दिवशीचा कर्मचारी-गट आला असता. पुढे कंपनीचे नाव कितीदाही बदलले, तरी त्या ओळी तशाच राहिल्या असत्या.

आपला विश्वासू,
एक वाचक